उस्ताद

मी ग्वाल्हेरचा मराठी. लहानपणी शिंद्यांची दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी घराजवळून जायची, तेव्हापासून मला वाफेच्या इंजिनाचं वेड. पुढे सैन्यात इंजिनियर्समध्ये नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर गुरुग्रामला राहिलो. मुलगा तिथे असतो हे कारण मी सगळ्यांना सांगतो. दुसरं कारण म्हणजे रेवाडी तिथून पन्नासेक किलोमीटरवर आहे.

रेवाडीची लोको शेड १८९३ सालची. देशात ब्रॉडगेजवर वाफेची नेहमीची गाडी शेवटची धावली ती ६ डिसेंबर १९९५ रोजी. त्यानंतर जी थोडी इंजिनं जिवंत ठेवली, त्यातली बरीचशी आज रेवाडीत आहेत. ‘अकबर’ तुम्ही हिंदी सिनेमात पाहिलंही असेल. नाकावर चांदणी असलेलं, चित्तरंजनच्या कारखान्यात १९६५ साली बनलेलं डब्ल्यूपी इंजिन.

आज मला बोलायचंय ते तिथे भेटलेल्या एका माणसाबद्दल. जातीचे बॉयलर फिटर. निवृत्त झाल्यावरही नव्या पोरांना शिकवायला यायचे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. सैन्यात कवायत शिकवणाऱ्यालाही आम्ही उस्तादच म्हणतो, त्यामुळे तो शब्द तोंडात सहज यायचा. ते मला कर्नलसाहेब म्हणायचे आणि चहा मात्र मलाच आणायला लावायचे.

त्यांच्याकडे एक लहान हातोडा होता. बॉयलरच्या आत आगपेटी असते. तिची भिंत आणि बाहेरचं कवच शेकडो स्टे-बोल्टांनी एकमेकांना बांधलेलं असतं. उस्ताद आगपेटीत शिरून एकेक बोल्ट ठोकायचे. धड बोल्ट खणकन वाजतो, तुटलेला बद्द वाजतो. पण सगळी गंमत मधल्या आवाजात. तडा गेलाय, अजून तुटला नाही, अशा बोल्टाचा आवाज. माझे कान सुरुंगांनी अर्धे गेलेले, मला काही तो कधी कळला नाही. ते थांबायचे, पुन्हा ठोकायचे आणि खडूने खूण करायचे.

एक प्रसंग सांगतो. रेवाडीच्या बाहेर, एका छोट्या स्टेशनावर खास गाडी निघायची होती. पाहुणे डब्यात बसलेले, कॅमेरे लावलेले. डब्ल्यूपीचा दाब २१० पौंडांपर्यंत जातो, काटा तिथे टेकत आला होता. उस्तादांनी सवयीने गेज ग्लास तपासल्या. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवणाऱ्या या दोन काचा. खालची तोटी उघडून पाणी सोडायचं आणि बंद केली की काचेत पाणी झटकन परत चढायला हवं. डावीकडचं रेंगाळत चढलं आणि उजवीपेक्षा दोन बोटं वर थांबलं.

पाणी आगपेटीच्या छताखाली गेलं तर काय होतं ते थोडक्यात सांगतो. उघडं पडलेलं पोलाद लाल होतं, मऊ पडतं. छतात शिशाचा प्लग असतो, तो वितळून वाफ आगीवर येते आणि आतल्या माणसांना इशारा मिळतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर बॉयलर फुटतो.

उस्तादांनी आग काढायला सांगितलं. एक मोठे साहेब धावत आले. दुसरी काच ठीक दिसतेय ना, मग अडचण काय? उस्ताद शांतपणे म्हणाले, “साहब, दो घड़ियाँ अलग वक़्त बताएँ, तो किस पर भरोसा करें?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बॉयलर यांचा आहे, हुकूमही यांचाच. नोकरीत वरिष्ठांना ‘नाही’ म्हणणारे मी बरेच पाहिले. आवाज न चढवता म्हणणारे फार थोडे.

गाडी त्या दिवशी डिझेलने ओढली. पाहुणे हिरमुसले. उस्तादांना नंतर बरंच ऐकून घ्यावं लागलं. बॉयलर थंड झाल्यावर काचेची वाट उघडली, तर आत क्षाराचा खडा बसलेला. तो त्यांनी कागदात बांधून खिशात टाकला आणि कोणालाही दाखवला नाही. मी असतो तर त्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला असता.

मागच्या हिवाळ्यात उस्ताद गेले. शेवटची दोन वर्षं मी त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करत होतो. अकरा तास जमलं. बोल्टांचे आवाजही घेतले, पण फोनमध्ये ते सगळे सारखेच वाजतात. हातोडा त्यांच्या मुलाने आणून दिला. तो आता एका तरुण फिटरकडे आहे. त्याला मधला आवाज दहातून सहा वेळा कळतो, असं तो स्वतःच सांगतो. त्याच्या शेजारी बसून ‘पुन्हा ठोक’ म्हणणारं मात्र आता कोणी नाही.

तुमच्यापैकी कोणाचे वडील, मामा, आजोबा भुसावळ, दौंड, मनमाड, इटारसी, झाशी इथल्या वाफेच्या शेडमध्ये होते का? असतील आणि अजून बोलत असतील, तर या रविवारी फोन घेऊन त्यांच्याजवळ बसा. आग किती वाजता पेटवायचे, कोळसा कसा ओळखायचे, गेज ग्लास फुटली तर आधी काय करायचे, एवढंच विचारा. पुढचं ते आपणहून सांगतील.