मथळे ओसरल्यानंतर
(वलगाव येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



याच वलगावी, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनाला उभे राहावे, हा त्यांचा शिरस्ता. आधी काम, मग शब्द. आपत्तीच्या काळात हा क्रम उलटतो, याची साक्ष १९९३ च्या भूकंपाने दिली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार अंगावर कोसळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. वृत्तपत्रांनी ही वार्ता देशभर पोचवली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु मदतीची वाटही त्या वार्तेनेच ठरवली. मथळ्यात किल्लारी आली. मालमोटारी, पुढारी आणि बघे तिकडेच लोटले. गर्दीने रस्ते अडले, जुन्या कपड्यांचे ढीग साचले. सास्तूरही उद्ध्वस्त झाले होते, तरी भूकंप ‘किल्लारीचा’च ठरला.

खरे काम पुढे होते. ५२ गावे नव्या जागी वसवायची होती. त्या वसाहतींत भूमिहीनाच्या वाट्याला २५० चौरस फुटांचे घर आले आणि मोठ्या जमीनधारकाच्या वाट्याला ७५० चौरस फुटांचे! जुन्या गावातील विषमता नव्या गावाच्या नकाशात अशी कायम झाली. पहिल्या आठवड्याच्या छायाचित्रांत ती दिसणे शक्यच नव्हते. मागे राहिलेल्यांनीही मोठे काम केले. पन्नालाल सुराणा व राष्ट्र सेवा दल यांनी नळदुर्गला निराधार मुलांसाठी ‘आपलं घर’ उभारले. हजाराहून अधिक गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण चालले, तेव्हा ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने गावच्या स्त्रियांनी त्यावर देखरेख ठेवली.

कार्यकर्त्यांनी यातून एवढे घ्यावे. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात शाखेने मोजकी माणसे धाडावीत. उरलेली सहाव्या महिन्यासाठी राखावीत. अनुदानाचा हप्ता कुठे अडला, विधवेचे नाव यादीत आले काय, भूमिहीनाला किती जागा मिळाली, हे विचारणारा तेव्हा कोणी उरलेला नसतो. त्यांनी ते विचारावे आणि लिहून पाठवावे. मोठ्या पत्रांनी खाली ठेवलेली बातमी उचलणे, हे लहान पत्राचे आणि त्याच्या वाचकांचे कर्तव्य आहे.