थकवा म्हणजे आळस नव्हे
(वस्त्यांवर भेटी देणाऱ्या सेवकांच्या बैठकीतील भाषण)



आजाऱ्यांची भेट घेणे हे आपल्या मंडळ्यांचे जुने काम. आज मी रक्ताचा कर्करोग झालेल्या माणसाविषयी बोलणार आहे. त्याचे दुखणे सहसा वरून दिसत नाही. मग जिंतूर तालुक्यातील आंध वस्तीवर घरचेच म्हणतात, "धडधाकट तर दिसतोय, मग शेतात का येत नाही?"

रक्तातल्या तांबड्या पेशी घटल्या की हंडाभर पाणी आणतानाही धाप लागते. रात्रभर झोपूनही थकवा जात नाही. पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, म्हणून वारंवार ताप येतो. प्लेटलेट कमी झाल्या की हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग उठतात. कुणाची हाडे दुखतात. कुणाची पानथरी वाढते आणि दोन घासांतच पोट भरते.

यातल्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारावर इमॅटिनिबची गोळी आहे. मूळ कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला लाखाच्या वर खर्च येई. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. पण गोळी रोज घ्यावी लागते. मळमळ होते, पायांत गोळे येतात, डोळ्यांभोवती सूज येते. त्रास नको म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, माणूस गोळी परस्पर बंद करतो आणि आजार पुन्हा उसळतो. त्रास डॉक्टरांना सांगितला तर त्यावर उपाय असतो.

म्हणून चार गोष्टी करा. तो थकलो म्हणाला, तर विश्वास ठेवा आणि घरच्यांनाही समजावा. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर भेटीला जाऊ नका, घोळक्यानेही जाऊ नका. प्रार्थना आपल्या घरूनही करता येते. आणि कागदपत्रांना हातभार लावा. उपचारासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाताना, रुग्णालयाचा दाखला असल्यास रेल्वेच्या स्लीपर डब्यात रुग्णाला भाडे पडत नाही, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करा.

पुढच्या भेटीत उपदेशाआधी एवढेच विचारा, "आज कसं वाटतंय? गोळी घेतली का?" आणि उत्तर पुरते ऐकून घ्या.