मोटारसायकल शिकवायची कोणी?



कर्जत-खालापूरच्या कोणत्याही वाडीत जा आणि एखाद्या तरुणाला विचारा, "मोटारसायकल चालवायला कोणाकडून शिकलास?" उत्तर ठरलेले आहे. कोणी थोरल्या भावाचे नाव सांगेल, कोणी मामाचे. कोणी म्हणेल, "शिकायचं काय त्यात? आली!" भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात दोन दिवस गाडी फिरवली, चारदोनदा बंद पडली, एकदा बांधावर चढली, आणि तिसऱ्या दिवशी पोरगा कशेळ्याच्या नाक्यावर हजर. पोहणे आपल्याकडे असेच शिकवतात आणि फटफटीही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट ह्यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल-अपघात जागेवर जाऊन तपासले व १९८१ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या अपघातांत सापडलेले ९२ टक्के स्वार स्वतःच, किंवा घरच्यांकडून अथवा मित्रांकडून शिकलेले होते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद. समोर संकट दिसताच ह्या लोकांनी मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला; चाक जाम झाले, गाडी घसरली. गाडीला खरा लगाम घालणारा पुढचा ब्रेक मात्र त्यांनी पुरेसा वापरलाच नाही.

आता आपल्या घरी पोराला पहिला उपदेश कोणता होतो? "पुढच्या ब्रेकला हात लावू नको, उलटशील!" उपदेश मायेचा आहे खरा, पण अर्धवट आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. पुढचे चाक रस्ता घट्ट धरते, मागचे हलके होते. म्हणून सरळ, कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकदम लावायचे, आणि पुढचा झटका न देता हळूहळू आवळायचा. वळणावर, खडीवर, चिखलात तो ओढायचा नाही. तिथे वेग आधीच उतरवायचा. हे तोंडाने सांगून येत नाही. हाताला वळण लागावे लागते. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान दोन्ही चाकांचा जोडब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, हे चांगले झाले. पण आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत.

आणि आपले रस्ते कसे? द्रुतगती महामार्ग खालापुरातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे आपला माणूस जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने, कारखान्यांच्या अवजड ट्रकांच्या अंगाला अंग घासत, खोपोलीला पाळीवर जाणार. कर्जतकडे लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर येतो. शनिवार-रविवारी धबधब्यांसाठी शहरातून गाड्यांची रांग लागते. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याचा घाट उतरताना स्कूटरवाल्यांचे विशेष हाल होतात. स्कूटरला खालचा गिअर टाकण्याची सोय नाही, त्यामुळे इंजिन गाडीला फारसे धरून ठेवत नाही. सारा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. काहीजण तर पेट्रोल वाचवायला इंजिनच बंद करून घाट उतरतात. चार आण्यांचे पेट्रोल आणि लाखमोलाचा जीव, असा हा हिशेब.

सबंध देशाचे आकडे पाहा. २०२२ साली रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत शंभरातले ४४ हून अधिक दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसताना मेलेले ५०,०२९. आणि त्यांतले १४,३३७ तर मागे बसलेले, म्हणजे कोणाची बायको, कोणाची आई, कोणाचा शाळकरी मुलगा.

आपल्याकडे लायसन मिळते कसे, हेही पाहू. आधी शिकाऊ लायसन. त्याची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या देता येते. सोय मोठी आहे. पनवेलची खेप वाचते, रोज बुडत नाही. पण उत्तरांवर बोट परीक्षार्थीचे पडते की दुकानदाराचे, हे ज्याचे त्याने आठवावे. त्यानंतर निदान ३० दिवस थांबून पक्क्या लायसनची परीक्षा. तिथे आठाचा आकडा काढला, पाय टेकला नाही, की बहुधा काम झाले. आठाचा आकडा वाईट नाही, तोल कळतो. पण तिशी-चाळिशीच्या वेगात म्हैस आडवी आली तर हा गडी गाडी थांबवील काय, हे त्यातून कळत नाही. मधल्या तीस दिवसांत त्याला शिकवले कोणी, हेही कोणी विचारीत नाही. मोटार शिकवणाऱ्या बहुतेक शाळा चारचाकीच्या आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची सोय झाली. हलक्या मोटारीसाठी २९ तासांचा अभ्यासक्रमही ठरला. मोटारसायकलवाला मात्र अजून मामाच्याच भरवशावर आहे.

इंग्लंडातही पूर्वी परीक्षक कडेला उभा राहून स्वाराची फेरी तेवढी पाही. तिकडे १९९० साली नियम केला, की आधी बंद मैदानात ब्रेक, वळण, तोल शिकायचा, मग शिक्षकाबरोबर निदान दोन तास खऱ्या रस्त्यावर, आणि मगच एकट्याने सरावाला बाहेर पडायचे. एवढे आपल्याला झेपण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, नियम कडक केलात तर लोक लायसनच काढणार नाहीत. शंका रास्त आहे. दुधाचे कॅन लावून पहाटे निघणाऱ्याला, वाडीवरून मजुरीला जाणाऱ्याला फी आणि हेलपाटे परवडत नाहीत. म्हणून मी क्रम उलटा सांगतो. आधी शिक्षण तालुक्याला येऊ दे, माफक फीत, सुगी आटोपल्यावर. मागाहून परीक्षेत ब्रेकची कसोटी घाला. शिकण्याची सोय नसताना कसोटी वाढवली, तर एजंटाचा दर तेवढा वाढेल.

आता शिक्षकबंधूंशी थोडे. अकरावी-बारावीची मुले गाडी घेऊन येतात, आणि ती कुंपणाबाहेर लागली की आपण डोळेझाक करतो. सोळाव्या वर्षी कायद्याने चालते ती ५० सीसीपर्यंतची. ती आज रस्त्यावर दिसते कुठे? २०१९ च्या दुरुस्तीने अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. "माझ्या नकळत नेली," हे सिद्ध करणे पालकाच्याच माथी. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. म्हणजे कारखान्यात चालकाची नोकरी लागायची असेल, तर तीही गेली. पालकसभेत हे एकदा वाचून दाखवा. चार वर्षांच्या आतल्या पोराला टाकीवर बसवून नेणाऱ्यांनाही सांगा, की २०२३ पासून त्याला हेल्मेट आणि स्वाराच्या अंगाशी बांधायचा पट्टा लागतो, आणि वेग चाळिसाच्या आत.

ब्रेकचा धडा तर आठवी-नववीच्या मुलांना सायकलवरही देता येतो. पटांगणात खडूने रेघ मारा. मुलगा बेताच्या वेगात आला, की रेघेवर फक्त मागचा ब्रेक लावू दे. थांबला तिथवर टेपने मोजा. मग तोच मुलगा, तोच वेग, पण दोन्ही ब्रेक, पुढचा हळू आवळून. पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. पाऊस पडून गेल्यावर ओल्या पटांगणात हीच मोजणी पुन्हा करता येईल, मात्र वेग निम्म्यावर आणून.