छातीतली धडधड आणि गेटचा पेपर



अभियांत्रिकीची पदवी हाती आल्यावर एम.टेक.ला जायचं, तर 'गेट' नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्याविषयी आज बोलणार आहे. पण तिचा अभ्यास कसा करावा, हे सांगणारे वर्ग आणि पुस्तकं पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते अभ्यास झाल्यानंतरही मागे उरणाऱ्या भीतीविषयी.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. गेट होते फेब्रुवारीत, शनिवार-रविवारी. त्यामुळे जानेवारी सरत आला की मुलं माझ्या खोलीत येतात ती विषयातली शंका घेऊन नव्हे. दार लोटून घेतात, खुर्चीच्या कडेवर टेकतात आणि म्हणतात, "मॅडम, सगळं विसरल्यासारखं वाटतंय." ही काही उनाड मुलं नसतात. वर्षभर इमानेइतबारे अभ्यास केलेली असतात. ज्यानं पुस्तक उघडलंच नाही, तो सहसा निवांत असतो!

अशीच एक विद्यार्थिनी आली होती. वडील एसटीत चालक. पदवीनंतर हातात आलेली छोटी नोकरी सोडून ती वर्षभर पुण्यात कॉट भाड्यानं घेऊन राहिली होती. म्हणाली, "पुस्तक उघडलं की छाती धडधडते. मला आधी शांत व्हायचंय, मग उजळणी करते." गंमत अशी, की शांत होण्याच्या खटपटीत तिचे चार दिवस गेले होते. कुणी सांगितलं म्हणून दीर्घश्वसन, कुणी सांगितलं म्हणून भजनं, आणि दर अर्ध्या तासानं स्वतःच्याच नाडीवर बोट! धडधड काही थांबत नव्हती, आणि थांबत नाही म्हणून आणखी वाढत होती.

इथेच एक समजूत दुरुस्त करायला हवी. शांत असणं म्हणजे छातीत धडधड नसणं, असं आपण धरून चालतो. वास्तविक ती धडधड म्हणजे शरीरानं कामाला लागण्याची केलेली तयारी. अंगातलं रक्त वेगानं फिरतं, लक्ष एकवटतं. कबड्डीचा खेळाडू चढाईला निघतो तेव्हा त्याचंही काळीज उडत असतं. तो काही त्यासाठी गोळी घेत नाही.

हार्वर्ड विद्यापीठात जेरेमी जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा एक प्रयोग केला होता. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जीआरई ही परीक्षा असते. तिची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना सराव परीक्षेला बसवलं. त्यांतल्या काहींना आधी एवढंच सांगितलं, की परीक्षेत होणारी घालमेल नुकसान करतेच असं नाही, उलट तिची मदतही होऊ शकते. गणिताच्या भागात या मुलांना इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले, आणि पुढे खऱ्या जीआरईतही हा फरक दिसला. गट लहान होता, तेव्हा त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण लक्षात घ्या, त्या मुलांची घालमेल कुणी घालवली नव्हती. तिचा अर्थ तेवढा बदलून दिला होता.

आता आत्मविश्वासाकडे वळू. "मला सगळं येतं" असं आरशासमोर शंभर वेळा म्हणून तो येत नाही, कारण सगळं येत नाही हे आपल्यालाच पक्कं ठाऊक असतं. आत्मविश्वास येतो तो "अडलं तर काय करायचं, हे माझं ठरलंय" या जाणिवेतून. म्हणून त्या मुलीपुढे मी परीक्षेचा आराखडाच मांडला.

तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांतले १५ गुण सामान्य क्षमतेचे, म्हणजे भाषा, आकडेमोड, तर्क यांचे. पर्यायांतून एकच उत्तर निवडायच्या प्रश्नांत चूक झाली तर गुण कापतात: एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. जिथे उत्तराचा आकडा स्वतः भरायचा असतो, किंवा एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, तिथे चुकीला दंड नाही.

यातून साधा हिशेब निघतो. दोन गुणांच्या चार प्रश्नांवर डोळे मिटून बोट ठेवलं आणि नशिबानं सरासरी साथ दिली, तर एक बरोबर येईल: दोन गुण मिळाले. तीन चुकतील: दोन गुण गेले. हाती शून्य! पण चारांतला एक पर्याय नक्की चूक आहे एवढं जरी कळलं, तरी पारडं थोडं आपल्याकडे झुकतं. दोन पर्याय बाद करता आले, तर उत्तर द्यावंच. हा नियम घरीच ठरवून ठेवला, की परीक्षेत प्रत्येक प्रश्नाशी "देऊ की नको" अशी झटापट करावी लागत नाही. अर्धी दमछाक त्या झटापटीनंच होते.

दुसरं, प्रश्न सोडायला शिकावं. मोठ्या शाखांत खुल्या गटाचा पात्रता-गुण अलीकडे शंभरांत तिशीच्या आसपास राहिला आहे. चांगल्या संस्थेसाठी त्याहून बरेच जास्त गुण लागतात, हे खरं. पण पहिले तीन प्रश्न आले नाहीत म्हणून पेपर हातचा गेला, असं मुळीच होत नाही. संगणकावर प्रश्नाला खूण करून पुढे जाता येतं, परत येता येतं. सोडलेला प्रश्न म्हणजे हार नव्हे, वाचवलेली मिनिटं.

तिसरं, अनोळखीपण आधीच संपवावं. गेटला स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरचाच वापरावा लागतो. त्यावर माऊसनं बोटं बसायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात त्यावरच गणितं करावीत. पेपर सकाळी असेल तर त्याच वेळी सरावाला बसावं. केंद्र परगावी असेल तर आदल्या दिवशी जाऊन वाट पाहून यावी. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र आठवणीनं पिशवीत टाकावं. आणि आदल्या रात्री नवा धडा उघडण्यापेक्षा झोपावं. वाचलेलं पक्कं बसायला झोप लागते.

एवढं करूनही मनात विचारांचा गोंधळ चालूच राहिला तर? शिकागो विद्यापीठातले जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये एक साधा उपाय मांडला. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं, मनातली भीती जशी आहे तशी कागदावर उतरवायची. सगळ्यांना सारखाच गुण येईल असं नाही, पण खर्च तरी काय आहे? पाठकोरा कागद आणि पेन.

त्या मुलीनं असा कागद लिहिला. त्यात अभ्यासक्रमाचं एकही नाव नव्हतं. सगळं अण्णांविषयी होतं: त्यांच्या डबल ड्यूट्या, त्यांनी काढलेलं कर्ज, आणि "एवढं करून झालं नाही तर त्यांना तोंड कसं दाखवू?" तिची भीती पेपरची नव्हतीच. मी म्हटलं, "हे अण्णांना विचारलंस का?" तिनं त्या रात्री फोन केला. अण्णा म्हणाले, "अगं, घाट चढताना मी वर किती वळणं राहिली ते मोजत नाही. समोरचं वळण बघतो."

तिला आयआयटी मिळाली नाही. एका एनआयटीत प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, आज ती नोकरी करते आहे. निकालापेक्षा पेपर देऊन आल्यावर ती जे बोलली, ते मला जास्त मोलाचं वाटतं: "मॅडम, धडधड होतीच. पण या वेळी पडद्यावर प्रश्न दिसले, अण्णा नाही."

म्हणून घरच्यांनाही एक विनंती. या दिवसांत फोन केलात तर "किती झालं?" विचारू नका. "जेवलीस का?" एवढं पुरे. आणि "निकाल काहीही लागो, घर तुझंच आहे" हे मनातल्या मनात न ठेवता एकदा मोठ्यानं बोला. मुलांना ते आपोआप कळत नाही.

परीक्षार्थींनो, गेटचा गुणांक तीन वर्षं चालतो. परीक्षा पुन्हा देता येते, वयाची अट नाही. तीन तासांत तुमच्या आयुष्याचं नव्हे, ६५ प्रश्नांचं मोजमाप होणार आहे. छाती धडधडेल, धडधडू द्या. पहिला प्रश्न वाचा. येत असेल तर सोडवा, नसेल तर खूण करा आणि पुढच्याकडे चला.

तुम्हा सर्वांना मनापासून शुभेच्छा.