वहीतली सारखी चूक



'तू प्रयोगशाळेत नेमकं करतेस काय?' सकाळपासून पाचजणांनी विचारलं. मी विषाणूंच्या वह्या तपासते! कोरोना विषाणूची जनुकीय संहिता म्हणजे सुमारे ३०,००० अक्षरं. विषाणू वाढताना त्यांची नक्कल होते आणि महिन्याला साधारण दोन अक्षरं चुकतात. दोन वह्यांत सारखीच चूक दिसली की गुरुजी काय ओळखायचे, ते इथे सांगायला नको.

नर्सला कोरोना झाला की 'वॉर्डातूनच आणला' असं लोक ठरवून टाकायचे. मार्च २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या ३ रुग्णालयांतल्या ५० कर्मचाऱ्यांचे आणि १० रुग्णांचे विषाणू असे वाचले गेले. ते एकाच वहीवरून उतरलेले नव्हते. विषाणू बाहेरून, अनेक वाटांनी आत आला होता. रुग्णालयात सर्रास पसरल्याचं दिसलं नाही. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये 'इन्साकॉग' हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्यातलीच.

पण चूक सारखी असली, तरी कोणी कोणाचं पाहिलं हे वही सांगत नाही. त्यासाठी कोण कोणत्या बाकावर होतं ते लागतं, म्हणजे ड्यूटीचा तक्ता. म्हणून जव्हार-मोखाड्याच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या मैत्रिणींनो, अशा तपासणीला नमुना पाठवाल तेव्हा तारीख आणि पाळी लिहाच. शिवाय डबा कुणाबरोबर खाल्ला, जीपमध्ये शेजारी कोण होतं, तेही. वॉर्डात आपण मास्क लावतो. डबा खाताना काढतोच की!