पाऊस सांगितला होता का?

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस. गणिताशी माझं शाळेतच फाटलं. मुलगी मात्र मेकॅनिकल इंजिनीअर झाली. पुण्यात ती जे काम करते, त्याला सिम्युलेशन म्हणतात. वस्तू बनवण्याआधी ती कम्प्युटरमध्ये उभी करायची, तिच्यावर भार टाकायचा आणि ती कुठं तुटते ते पाहायचं.

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आम्ही दोघं सूर्यमाळला गेलो होतो. मोखाडा तालुक्यातलं हे डोंगरावरचं गाव. आश्रमशाळेतल्या मुलांपुढं मला कविता म्हणायच्या होत्या. वाटेत पावसानं असं झोडपलं, की एका घरात आसरा घ्यावा लागला. भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्या बांधून त्यांवर शेणामातीचं लिंपण. मुलगी भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "अब्बा, हे तर कंपोझिट!"

मग तिनं समजावलं. नुसती काठी वाकते, नुसती माती भेगाळते. दोन्ही एकत्र आल्या की भिंत उभी राहते. २००१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या आपल्या 'तेजस' विमानाच्या पंखांतही हीच युक्ती आहे. तिथं कारवीऐवजी कार्बनचे धागे आणि मातीऐवजी रेझिन. धाग्यांचे थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक बसवतात. कोणता थर आधी फाटेल, थर एकमेकांपासून कधी सुटतील, हे नुसत्या नजरेला कळत नाही. म्हणून कम्प्युटर त्या पत्र्याचे हजारो बारीक तुकडे पाडतो, प्रत्येकावरचा ताण काढतो आणि सगळ्यांचा हिशेब जुळवतो. या रीतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव १९६० मध्ये अमेरिकेतले प्राध्यापक क्लफ यांनी दिलं. पडद्यावर जिथं लाल रंग, तिथं धोका.

यंत्रमानवाचंही तसंच. पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेनं बॉम्ब हाताळणारा 'दक्ष' तयार केला. तो जिने चढतो. अशा यंत्राचा हात कोणत्या सांध्यात किती वळेल, वजन उचलताना गाडा कलंडेल का, हे आधी पडद्यावर हजार वेळा चालवून पाहता येतं. तिथं कलंडला तर कुणाचा जीव जात नाही.

चुलीपाशी बसलेली घरची आजी हे सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "पोरी, त्या यंत्राला पाऊस सांगितलास का? आमच्याकडं पावसाच्या अंगाला पाल्याचा आडोसा बांधावा लागतो. नाहीतर ओल आतून भिंत खाते."

मुलगी गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नाही सांगितला." ती तेव्हा ज्या पत्र्यावर काम करत होती, त्याच्या ताकदीचे आकडे कोरड्या नमुन्यांवरून घेतलेले होते. रेझिन ओल शोषतं आणि दुबळं होतं, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. पण हिशेबात धरायचं राहून गेलं. परत गेल्यावर तिनं नमुने पाण्यात मुरवून पुन्हा तोडून पाहिले. आकडा खाली आला. पत्रा जाड करावा लागला.

अशी चूक वेळेत कळली नाही तर काय होतं? २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत 'स्लाइप्नर-ए' या तेल-वायूच्या फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीच्या वेळीच बुडाला. हिशेबासाठी पाडलेले तुकडे नीट नव्हते. त्यामुळे सांध्यांजवळ भिंतीला कातरू पाहणारा ताण सुमारे ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. सुदैवानं माणसं वाचली. नुकसान मात्र सुमारे ७० कोटी डॉलरचं झालं. कम्प्युटरनं बेरीज चुकवली नव्हती. त्याला प्रश्नच चुकीचा घातला होता.

श्रोतेहो, कम्प्युटर खोटं बोलत नाही. पण न सांगितलेलं त्याला कळतही नाही. जे सांगायचं, ते पावसात उभं राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं. मुलीच्या टेबलावर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. नवं काम सुरू करताना ती आधी तिच्याकडं पाहते. चिठ्ठीवर आजीचाच प्रश्न आहे : पाऊस सांगितलास का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)