काळोख आणि सोबत


दोहा शहराच्या ओल्ड एअरपोर्ट भागातील मराठी घरांत निजताना मूल काळोखाला भ्यायले,
तर चित्रपुस्तक, म्हणजे चित्रे आणि शब्द मिळून गोष्ट सांगणारे पुस्तक, कामी येते.

मार्टिन वॉडेल यांच्या ‘कान्ट यू स्लीप, लिटल बेअर?’ या 1988 च्या पुस्तकात,
ज्याची चित्रे बार्बरा फर्थ यांची आहेत,
भ्यालेल्या पिल्लासाठी मोठे अस्वल आपले वाचन थांबवून
अधिकाधिक मोठे कंदील आणते,
तरी गुहेबाहेरचा काळोख उरतोच;
तेव्हा ते पिल्लाचा पंजा धरून त्याला बाहेर नेते
आणि चंद्र दाखवते.

कंदिलापेक्षा सोबत मोठी.

बागुलबुवाचा, म्हणजे काल्पनिक भयरूपाचा, धाक घालून निजवणे तर सर्वथा अनिष्ट.

पुन्हा सांगायचे तर, सोबत मोठी.

अस्वलाची ही गोष्ट मराठीतून सांगताना पालकांनी घाई न करता
पिल्लाच्या चेहऱ्यावरचे भाव मुलालाच ओळखू द्यावेत.